विचारा काकाजीले : काचेला चिकटलेला पहिलवान

मागच्या महिन्यात याच पानावर मी खेळाडूंच्या जुन्या फोटोंबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. मोठमोठ्या म्युझियममध्ये राजे-पुढाऱ्यांच्या शेजारी बॉक्सर, पहिलवान, क्रिकेटवाले पण फ्रेममध्ये बसलेले असतात एवढंच सांगितलं होतं, आणि शेवटी म्हटलं होतं की तुमच्या घरी असा कुणी भिंतीवर असेल तर कळवा. मला वाटलं चार-दोन पत्रं येतील, पण राजेहो, तुम्ही तर फोनच भरून टाकला. कुणाचा आजा, कुणाचा सासरा, कुणाच्या गावची कबड्डीची टीम. सगळ्यांना उत्तर देणं होत नाही, म्हणून ज्या प्रश्नांत बाकीच्यांचंही भागेल ते घेतो. आणि हो, मी म्युझियमवाला नाही. तालुक्याच्या गावी ३७ वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, हात पिवळे झाले हायपोत, म्हणजे फोटो पक्का करायच्या औषधात, घालून घालून, तेवढ्या भांडवलावर बोलतो.

प्रश्न (अंजनगाव सुर्जीकडचे एक वाचक): काकाजी, नमस्कार. भाच्याकडं अमेरिकेत दोन महिने राहून आलो. वॉशिंग्टनले त्यानं नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी दाखवली. राष्ट्राध्यक्ष ठीक हाय, पण तिथं बॉक्सर, बेसबॉलवाले, पळणारे, सगळ्यांचे फोटो. आमच्या घरी आबाजींचा फोटो हाय, लंगोट, फेटा, खांद्यावर गदा, मांगं पडद्यावर महाल. मी भाच्याले म्हनलं, यात अन् आपल्या आबाजीत फरक काय? तो हासला. आता तुमीच सांगा. अन् त्या गदेचं पण सांगा, कारण ती गदा कोन नेली यावरून आमच्या दोन घरांत बोलणं बंद हाय.

काकाजी: भाच्याचं हसणं मनावर घेऊ नका. खुद्द त्या गॅलरीलाही फोटो लवकर पटला नव्हता. ती काढायचा कायदा १९६२ चा, लोकांसाठी दार उघडलं १९६८ ला, आणि कायद्यातच अशी पाचर की रंगवलेलं चित्र घ्या, पुतळा घ्या, पण फोटो जमवायचे नाहीत. ती पाचर १९७६ ला निघाली. वरून आणखी एक नियम होता की माणूस जाऊन दहा वर्षं झाल्याशिवाय त्याला कायमच्या संग्रहात जागा नाही, राष्ट्राध्यक्ष सोडून. तो नियम २००१ ला काढला. लंडनची याच नावाची गॅलरी १८५६ ची, तिथंही असाच दहा वर्षांचा नियम १९६९ पर्यंत चालला.

आता हे खेळाडूला लावून बघा. पेंटरसमोर बसायचं म्हणजे दिवसच्या दिवस बसायचं, आणि पेंटरला पैसे कोण देणार, तर संस्थानिक देईल, शेठ देईल, बॉक्सरचा बाप कुठून देईल? खेळाडूचं सोनं वीस ते तीस या वयातलं, त्या वयात त्याला धरून कुणी रंगवत नाही, पण फोटो निघतो. पेपरवाला काढतो, स्टुडिओवाला काढतो, सिगारेटच्या पाकिटातल्या कार्डासाठी निघतो. म्हणून त्या गॅलरीत फोटोसाठी दार उघडलं तेव्हा खेळाडूंची खरी गर्दी आत आली असं माझं मत आहे. नाहीतर भिंतीवर नुसते कोट-टाय आणि मिशा राहिल्या असत्या. आपल्याकडं म्युझियम म्हटलं की आपण नागपूरचा अजब बंगला समजतो, १८६३ चा, लहानपणी बैलगाडी आणि मग एसटी करून तिथं पेंढा भरलेले प्राणी बघायला गेलेलो. तिथं एखादा पहिलवान फ्रेममध्ये असावा असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं, माझ्याही.

राहिला फरक. तिथल्या प्रत्येक फोटोखाली पाटी असते, माणूस कोण, काढला कुणी, कोणत्या साली, कागद कोणता, आणि कुणी दिला. शिवाय एक नंबर असतो, आधी एनपीजी म्हणजे गॅलरीच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं, मग एखादा ७८ किंवा ९७, मग पुढचा आकडा. तो मधला आकडा म्हणजे वस्तू संग्रहात आली ते साल. आपल्या कोठारातल्या पोत्यावर जशी खूण असते ना, तसं. आता तुमच्या आबाजींची फ्रेम उतरवा आणि मागं बघा. मी पैज लावतो, मागं काहीच नसणार. तुम्हाला ठाऊक आहे ते आबाजी आहेत, तुमच्या पोराला ठाऊक आहे, नातवाला अर्धवट ठाऊक असेल, आणि त्याच्यापुढं तो एक लंगोटवाला माणूस. फरक आहे तो इथं, पाठीमागं.

चेहरा चांगला असला म्हणजे पोर्ट्रेट झालं असंही नाही. बेब रूथ नावाचा त्यांचा बेसबॉलचा देव होता. १३ जून १९४८ ला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर त्याचा ३ नंबरचा शर्ट कायमचा बाजूला ठेवायचा कार्यक्रम झाला. सगळे फोटोवाले समोरून उभे. नॅट फाइन नावाचा एक पेपरचा फोटोग्राफर मागं जाऊन उभा राहिला. फोटोत रूथचं तोंडच नाही, पाठ आहे, पाठीवर ३, पाय बारीक झालेले, आणि बॅट काठीसारखी टेकलेली, कारण माणूस कॅन्सरनं खंगलेला. दोन महिन्यांनी, १६ ऑगस्टला तो गेला. त्या फोटोला पुढच्या वर्षी पुलित्झर, म्हणजे तिकडचं पत्रकारितेचं मोठं बक्षीस, मिळालं. मी आयुष्यभर गिऱ्हाइकाला म्हणत आलो, ‘हनुवटी जरा वर, इकडं बघा’, आणि हा माणूस पाठ काढून अमर झाला.

आता गदेचं. भाऊ, जरा बसून वाचा. ती गदा बहुतेक आबाजींची नव्हतीच. आमच्या स्टुडिओत एक गदा होती, लाकडी दांडा, वर पत्र्याचा पोकळ गोळा, त्याला चंदेरी वार्निश. माझ्या फोटोच्या उस्तादांनी ती जत्रेतल्या नाटकवाल्याकडून घेतलेली. तालुक्यातला जो पहिलवान फोटो काढायला यायचा त्याच्या खांद्यावर तीच चढायची, आणि तीन गावचे तीन पहिलवान एकाच गदेसोबत भिंतीवर लटकलेले मी स्वतः पाहिलेत. असं प्रत्येक स्टुडिओत असायचं, कुठं गदा, कुठं बुलेट मोटरसायकल, कुठं टेलिफोन. ओळखायचं कसं, तर बघा आबाजींच्या मनगटावर जोर दिसतो का. खरी जड गदा खांद्यावर असली की एक खांदा दबतो, मान जराशी कलते, दांड्यावरची बोटं घट्ट असतात. बोटं सैल असली तर गोळा पत्र्याचा समजा, आणि चुलतभावाला फोन लावा.

प्रश्न (मूल, जि. चंद्रपूर, बारावीतला एक पोट्टा): काका, जुन्या फोटोत सगळे क्रिकेटवाले बॅट घेऊन पुतळ्यासारखे उभे काहून असतात? एक तरी शॉट मारताना दाखवा ना.

काकाजी: तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर निघायचा, तिचा स्पीड कमी होता बाबू. आतला मसाला एवढा मंद की उजेड पोचायलाच वेळ लागायचा, माणूस हलला की फराटा. म्हणून उभं करून ठेवायचे, कधीकधी मानेमागं लोखंडी टेकूसुद्धा असायचा. अमेरिकेत १८८० च्या दशकात ‘ओल्ड जज’ सिगारेटच्या पाकिटात बेसबॉल खेळाडूंचे छोटे फोटो यायचे, त्यात खेळाडू चेंडू झेलतोय असं दाखवलेलं आणि चेंडू वरून सुतळीनं टांगलेला! नीट बघितलं तर ती सुतळी दिसते. आपल्या गदेचा सख्खा भाऊच म्हणायचा.

हालचाल पकडायचा नाद त्याच काळात मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरला लागला होता. पेनसिल्व्हेनियाच्या विद्यापीठात त्यानं ओळीनं कॅमेरे लावून पळणारे, उड्या मारणारे, कुस्ती खेळणारे लोक काढले, १८८७ ला ७८१ पानांचा मोठा संच छापला. पण त्यात माणूस कोण हे महत्त्वाचं नव्हतं, त्याचा गुडघा कुठं वाकतो ते महत्त्वाचं. त्याला मी पोर्ट्रेट म्हणणार नाही.

तुला हवा तो शॉट जॉर्ज बेल्डमनं काढला. हा स्वतः मिडलसेक्सकडून खेळायचा, म्हणजे बॅट कुठल्या क्षणी कुठं असते हे त्याला अंगात ठाऊक. ऑस्ट्रेलियाचा व्हिक्टर ट्रम्पर ओव्हलच्या मैदानावर पुढं उडी घेऊन चेंडूवर धावतोय, पुढचा पाय हवेत, बॅट मागं पूर्ण वर, असा त्याचा फोटो १९०५ च्या पुस्तकात छापला गेला आणि आजही क्रिकेटचा फोटो म्हटलं की तो आठवतो. गंमत म्हणजे तोही मॅचमधला नाही, मुद्दाम फोटोसाठी मारून दाखवलेला शॉट आहे. पण सुतळी लागली नाही.

आणि नशिबाचा फोटो बघायचा असेल तर मुहम्मद अलीचा बघ, २५ मे १९६५, मेन राज्यातलं लुइस्टन गाव. समोरचा बॉक्सर लिस्टन खाली पडलाय, अली वर उभा राहून हात आडवा वाकवून ओरडतोय. काढणारा नील लायफर तेव्हा २२ वर्षांचा. अलीच्या दोन पायांच्या मधून पलीकडं एक टकला फोटोवाला दिसतो, तो लायफरच्याच मासिकाचा, हर्ब शार्फमन, त्याच्यापेक्षा सिनियर. त्याच्या वाट्याला अलीची पाठ आली. पोझिशनचा खेळ आहे सगळा. मी पण एकदा आमदंगलीत आखाड्याच्या कडेला बरोबर जागा धरून बसलो होतो, चितपटीच्या वेळेला नेमके सरपंच उठून पुढं आले हार घ्यायला. रोल धुतला तर त्यात सरपंचांचं धोतर.

प्रश्न (आर्वीकडच्या एक ताई): सासऱ्यांचा फोटो आहे काकाजी, ते मल्लखांब खेळायचे. यंदा बघितलं तर फोटो काचेला चिकटलाय, कडेनं पांढरं-काळं बुरशीसारखं आलंय, मागचा पुठ्ठा उधईनं खाल्ला. मिस्टर म्हणतात गरम पाण्यात टाकू म्हणजे सुटून येईल, नाहीतर लॅमिनेशन करू. काय करू?

काकाजी: ताई, आधी मिस्टरांच्या हातातून ती फ्रेम घ्या. मग पुढं वाचा.

जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोवर जो थर असतो ना, ज्यात चित्र असतं, तो जिलेटिनचा. जिलेटिन म्हणजे जेलीची जात. दमट हवेत ते फुगतं, मऊ होतं आणि काचेला धरतं, मग सुकलं की डिंकासारखं पक्कं. गरम पाण्यात घातला तर अख्खा चेहरा पाण्यात उतरेल, ओढला तर निम्मा चेहरा काचेवर राहील. मी तरुणपणी एकाचा फोटो ओढला होता, शहाणपणा करून. त्या माणसाचा एक डोळा आणि मिशीची डावी बाजू काचेवर गेली, त्याच्या पोरानं माझ्याकडं असं बघितलं की आजही ते आठवलं तरी पोटात गोळा येतो.

आता तुम्ही म्हणाल आमच्याकडं दमट कुठून, आर्वीत नवतपात माणूस भाजून निघतो. बरोबर आहे, पण मला एक सांगा, कूलर कुठं आहे? फोटो कूलरच्या समोरच्या भिंतीवर आहे ना? विदर्भात फोटो पावसाळ्यानं जितके मेले त्याहून जास्त कूलरनं मेले असं मला वाटतं. चार महिने रात्रंदिवस ओला वारा फ्रेमवर, मागं मातीची नाहीतर ओल धरलेली विटांची भिंत, फोटोला श्वास घ्यायला जागा नाही. मोठी म्युझियमं काय करतात, तर हवेतला ओलावा ३० ते ५० टक्क्यांच्या आत ठेवतात, उजेड मंद ठेवतात, आणि तोच फोटो वर्षानुवर्षं टांगत नाहीत, काही महिने दाखवला की परत अंधारात पेटीत. म्हणून तुम्ही लांब तिकीट काढून गेलात आणि हवा तो खेळाडू भिंतीवर नाही असं होतं, तो आत झोपलेला असतो.

तर तुमच्यासाठी. पुठ्ठा आणि उधई लागलेली लाकडी चौकट हलक्या हातानं काढा, अंगणात, घरात नको. पुठ्ठ्यावर किंवा फोटोच्या मागं काही लिहिलं असेल, स्टुडिओचा शिक्का असेल, तर आधी त्याचा मोबाइलवर फोटो घ्या, कारण वर आबाजींच्या वेळी म्हटलं तेच, जीव मागं असतो. काच आणि फोटो मात्र एकत्रच राहू द्या, त्यांचं लग्न लागलंय आता. मऊ ब्रशनं मागची माती झटका, ओलं फडकं नाही, कॉलिन नाही, थुंकी तर नाहीच, हसू नका, लोक करतात.

मग काचेसकटच कॉपी काढा. सकाळी दहाच्या सुमारास ओसरीत, थेट ऊन नाही असा उजेड, फोटो भिंतीला टेकवून उभा, तुमच्या मागं कुणाला तरी काळी चादर पसरून उभं करा आणि चादरीला भोक पाडून त्यातून मोबाइल काढा. (जुनी चादर घ्या, नाहीतर सासूबाई मलाच पत्र लिहितील.) काळ्या चादरीमुळं काचेत तुमचं तोंड, लिंबाचं झाड, दोरीवरची साडी काहीच दिसणार नाही. मोबाइल अगदी समोरासमोर, तिरपा नाही. चार-पाच घ्या. त्यावरून नवीन प्रिंट काढून ती टांगा, आणि मूळची काच-फोटोची जोडी सुती कापडात गुंडाळून, आडवी, कोरड्या कपाटात. ट्रंकेत ठेवणार असाल तर ट्रंक जमिनीवर नको, चार विटांवर.

नवीन फ्रेम करताना कारागिराला सांगा की काच आणि फोटोच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट टाक, म्हणजे दोघं एकमेकांना शिवणार नाहीत. फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवा, भिंतीपासून बोटभर अंतर राहतं, हवा फिरते, उधई चढली तरी लवकर दिसते. लॅमिनेशन नको. ते गरम करून प्लास्टिक चिकटवतात, एकदा झालं की सुटत नाही. नवीन प्रिंट पाहिजे तेवढ्या लॅमिनेट करा, मूळ नाही.

प्रश्न (पुसद तालुक्यातल्या एक शिक्षिका): आमच्या झेडपीच्या शाळेत व्हरांड्यात खेळाडूंचे फोटो लावायचेत, मुलांना आपल्या भागातले वाटावेत असे. कुणाचे लावू? नेटवरून घेतले तर चालतं का? मुलींनी विचारलं की मॅडम यात बाई एकही नाही.

काकाजी: मुली बरोबर बोलल्या, त्यांच्यापासून सुरू करा. नागपूरची दिव्या देशमुख, जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली आणि तिथंच ग्रँडमास्टर झाली. जुन्यात जायचं तर १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला स्वतंत्र भारताच्या मुली पहिल्यांदा गेल्या, मेरी डिसूझा, नीलिमा घोष, पोहण्यात डॉली नाझीर आणि आरती साहा. त्याच ऑलिंपिकला आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ आणलं, म्हणजे एकाच भिंतीवर शेजारी शेजारी लावता येतील, साल एकच.

आपल्या भागातले म्हणाल तर पहिला मान सी. के. नायडूंचा. लोक त्यांना इंदूरचे समजतात कारण पुढं ते होळकरांकडं गेले, पण जन्म नागपूरचा, ३१ ऑक्टोबर १८९५. १९२६ ला मुंबईत इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध ११ षटकार मारून १५३ केल्या, आणि २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली तेव्हा कॅप्टन तेच. मग वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीतून आलेला उमेश यादव, विदर्भातून कसोटी खेळलेला पहिला. तिरंदाजीत ओजस देवतळे, २०२३ ला बर्लिनमध्ये जगज्जेता. आणि बर्लिनवरून आठवलं, १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी तिथं जाऊन आपले देशी खेळ करून दाखवले, कबड्डीसकट. मंडळ १९१४ चं. हे एका माणसाचं पोर्ट्रेट नाही, पण व्हरांड्यात ग्रुप फोटो शोभतो.

हक्काचं असं आहे मॅडम. आपल्या कॉपीराइट कायद्यात आधी फोटो छापून आला त्याच्या पुढच्या जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहायचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर मात्र तो फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि तो गेल्यावर पुढं ६० वर्षं राहतो, पण त्याआधीच संपलेला हक्क परत येत नाही. नायडूंचे १९३२ च्या सुमारास इथं छापलेले फोटो त्यामुळं मोकळे, खाशाबांचा घेताना मात्र काढणारा कोण ते आधी बघा. दिव्या, उमेश, ओजस यांचे आजचे फोटो मात्र कुणातरी फोटोग्राफरचे, एजन्सीचे असतात, ते विचारून घ्या. परदेशी लावायचे तर स्मिथसोनियननं, म्हणजे ती पोर्ट्रेट गॅलरी ज्या संस्थेची आहे तिनं, फेब्रुवारी २०२० ला २८ लाख चित्रं मोकळी केली, त्यावर ‘सीसी झिरो’ असं लिहिलेलं असतं. ते दिसलं की डाउनलोड करा, छापा, कुणी विचारत नाही. ते नसलं तर तो फोटो बघायचा, घ्यायचा नाही. आणि गूगलवर दिसला म्हणजे फुकट, हे डोक्यातून काढून टाका.

खरं सांगू, एक जागा रिकामी ठेवा आणि शाळेतली जी पोरगी तालुक्याच्या शर्यतीत धावून आली असेल तिचा चांगला फोटो काढून तिथं लावा. खाली नाव, वर्ग, साल, आणि फोटो कुणी काढला ते.

प्रश्न (वणीचे एक भाऊ): वडील व्हॉलीबॉलचे कॅप्टन होते. पैसे देऊन फोटो काढला होता, आता स्टुडिओवाल्याचा पोरगा तो फेसबुकवर टाकतो आणि मला प्रिंट मागितली तर हजार रुपये सांगतो. फोटो कोणाचा?

काकाजी: तुम्ही सांगितलं आणि पैसे मोजले, वेगळा काही करार नाही, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणं पहिला मालक फोटो काढायला लावणारा, म्हणजे तुमचे वडील. निगेटिव्ह ही वस्तू स्टुडिओत ठेवायची आमची रीत होती, त्याचा अर्थ फोटो आमचा असा नाही, हे माझ्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना आवडणार नाही. पण भाऊ, त्यानं ती निगेटिव्ह उधईपासून, पुरापासून सांभाळली हेही खरं. चहा पाजा, निम्म्यात मिटवा.

प्रश्न (दिग्रसकडून, नाव नाही): कापसाले भाव नाही, सोयाबीन सडलं, अन् तुमी काय फोटो फोटो करता?

काकाजी: मान्य. माझ्याही घरी पऱ्हाटी आहे, तीन एकर. भावावर लिहिणारे याच अंकात दुसरे आहेत, ते माझ्यापेक्षा शहाणे आहेत.

आता माझंच एक गाऱ्हाणं. लोकांना मागं नाव लिहा, नाव लिहा सांगतो, मऊ पेन्सिलीनं, बॉलपेननं नाही कारण शाई पुढं फुटते आणि दाबानं वळ उमटतो, आजकालच्या प्लास्टिकसारख्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही तर पाकिटावर लिहा. हे सगळं सांगणारा मी, आणि स्टुडिओ आवरताना माझ्याच माळ्यावर एक खोकं निघालं. त्यात एक काच-निगेटिव्ह, कबड्डीची टीम, सात पोट्टे आणि एक मास्तर. पाकिटावर उस्तादांच्या हातचं फक्त ‘१९६७, शील्ड, बाकी ४ रुपये’. कोणतं गाव, कोणती पोरं, काही नाही. बाकी वसूल झाली का तेही नाही.

मागं आमचा हंसाचा पडदा आहे, तळं आणि हंस, म्हणजे फोटो आमच्याच स्टुडिओतला. शील्ड मधल्याच्या मांडीवर, त्यावरची अक्षरं उलटी करून वाचायचा प्रयत्न केला, चमकेनं खाल्ली. डावीकडून तिसऱ्या पोराच्या उजव्या गुडघ्याला फडकं बांधलंय आणि तो एकटाच हसतोय, बाकी सगळे श्वास धरून. उजवीकडच्या शेवटच्या पोराची बनियन उलटी घातलेली आहे, शिवण बाहेर. मास्तरांच्या हातात शिट्टी आणि डोक्यावर टोपी, कानाचा एक वरचा तुकडा नाही. तेव्हाची ही पोरं आज सत्तर-पंचाहत्तरची असतील. फोटो या पानावर खाली छापलाय. कुणी ओळखलं तर अंकाच्या पत्त्यावर कळवा, आधी तो गुडघेवाला कोण ते सांगा.